नृसिंहाच्या कानामागे

रविवार, साखरखेर्ड्याच्या पुढे

फाल्गुनात साखरखेर्ड्याच्या पुढे निघालं की रान दोन रंगांत वाटलेलं दिसतं. एका बाजूला गहू काढून झालेली फिकट सोनेरी धसकटं आणि दुसऱ्या बाजूला पांढरं. इतकं पांढरं, की मोटारसायकलवर मागे बसलेल्या मला आधी वाटलं, कुणीतरी रानभर धुणं वाळत घातलंय. जवळ गेल्यावर कळलं, ती फुलं होती. कमरेएवढ्या हिरव्या दांड्यांवर चेंडूसारखे गोल गोंडे. वाऱ्याने ते सगळे एकदम हलायचे, आणि त्या रानातून एक बारीक, न थांबणारी गुणगुण येत होती.

"कांदा हाये मॅडम, बियाचा," गाडी चालवता चालवता दिनकरभाऊ म्हणाले. "अन् थो आवाज मधमाश्यायचा. माशी नसली तं बी भरत नाही."

दिनकरभाऊ भाजीपाला आणि कांद्याचं बी करणारे शेतकरी, वय पन्नाशीचं. गावातल्या सोंग मंडळाचे ते अध्यक्ष. पाडव्यानंतर तीन संध्याकाळी या गावात सोंगं निघतात. कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून माणसं गणपती होतात, नृसिंह होतात, राक्षस होतात आणि गल्लीगल्लीतून नाचत जातात. माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे शिमग्यात संकासुर येतो तेव्हा पोरं पळत सुटतात. इथे नृसिंह आला की लोक दारात पाणी शिंपडून उभे राहतात, असं दिनकरभाऊंनी सांगितलं. भीती दोन्हीकडे असते, पण तिची तऱ्हा वेगळी.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात कला विभागात शिकवते. जुन्या रंगवलेल्या वस्तू कशा टिकवायच्या, हा माझा विषय. यंदा एक योजना आली होती. विद्यापीठातल्या संशोधकाने आणि एखाद्या सांस्कृतिक संस्थेने मिळून काम ठरवायचं, मिळून अर्ज करायचा, मग दोघांना मिळून निधी. दिनकरभाऊंची भाची माझी विद्यार्थिनी. तिने मोबाइलवर या मुखवट्यांचे फोटो दाखवले आणि त्या नृसिंहाने मला धरलं. मी अर्ज लिहिला. "मिळून" हा शब्द त्यात अकरा ठिकाणी होता, पण लिहिला मात्र मी एकटीने, माझ्या टेबलावर बसून. तो पहिल्या चाळणीतून पुढे गेला. आता शुक्रवारी दुपारी निवड समिती फोनवर, व्हिडिओ कॉलने, दोघांची मुलाखत घेणार होती. त्याआधी मंडळाची सही हवी होती. म्हणून मी आले होते.

गाव लहान. संध्याकाळी दिनकरभाऊंच्या घरी सुमनवहिनींनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची रसरशीत भाजी, ठेच्यावर कच्च्या तेलाची धार. मी भाताची वाट बघत राहिले. तो शेवटी आला, घासभर, जेवण झाल्याची खूण असल्यासारखा. आमच्याकडे जिथे जेवण सुरू होतं तिथे इथे ते संपतं.

सोमवार, देवळामागची खोली

मुखवटे देवळामागच्या एका अंधाऱ्या खोलीत होते. लाकडी पेट्यांत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात झोपवलेले. एकेक पेटी उघडली की आधी कडवट वास यायचा, मग पाल्यातून एखादं नाक, एखादा डोळा वर यायचा. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. मला वाटलं, मी पाण्याखाली आहे आणि हे चेहरे तळाशी पडून वर माझ्याकडे बघताहेत.

नृसिंह सगळ्यात शेवटी निघाला. हाताच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. आयाळ ज्वाळांसारखी, जिभेला टोक, डोळे मात्र विलक्षण शांत. आणि सगळ्या चेहऱ्यावर झगझगीत लाल ऑइल पेंट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला देतात तसा.

"रंग कोण देतं?" मी विचारलं.

"मी," दारातून आवाज आला.

ते गजाननभाऊ. गावात सगळे त्यांना पेंटर म्हणतात. उंच, किडकिडीत, बोटांच्या पेरांत कायमचा रंग. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतींवरच्या खताच्या जाहिराती हे त्यांचं काम. फ्लेक्स आल्यापासून ते निम्म्यावर आलं. मुखवट्यांचा सुटलेला रंग घासून दरवर्षी पाडव्याआधी नवा हात देणं हे त्यांच्या घराकडे पिढ्यांपासून आहे.

"छान आहे," मी म्हटलं. ते मी कसं म्हटलं असेन हे आज आठवलं की कान गरम होतात.

"छान काहीचं," ते म्हणाले. "ट्रॉलीचाच रंग हाये. पण पावसानं जात नाही."

मंगळवार

माझ्या अर्जातलं काम असं होतं: नृसिंहावरचे नंतरचे सगळे रंग अलगद काढायचे, सगळ्यात खालचा मूळ रंग उघडा करायचा, मुखवटा विद्यापीठात थंड, कोरड्या खोलीत काचेआड ठेवायचा आणि मंडळाला त्याची हुबेहूब नक्कल करून द्यायची. मूळ रंग खरंच खाली आहे का, हे समितीला दाखवता आलं तर अर्ज पक्का होणार होता.

दुपारी गाव उन्हाने मिटलेलं असताना मी एकटीच त्या खोलीत बसले. किल्ली दिनकरभाऊंनी विश्वासाने दिली होती. मी कापसाचा बोळा रंग विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवला आणि नृसिंहाच्या डाव्या कानामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळूहळू फिरवायला लागले. मला वाटलं होतं, अर्ज पाठवला म्हणजे परवानगी आलीच. खरं सांगायचं तर मला तसं काही वाटलंही नव्हतं. मी विचारच केला नव्हता.

लाल निघाला. खाली शेंदरी. मग हिरव्याची एक बारीक रेघ, मग तपकिरी, मग वेगवेगळे लाल, एकाखाली एक. नखाएवढी ती खिडकी खोल खोल जात होती. बाहेर होला पक्षी घुमत होता. किती वेळ गेला कळलं नाही. आणि मग तळाशी तो रंग आला. हिंगुळाचा लाल, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, त्यात अभ्रकाचे कण. मी मान हलवली तसे ते चमकले. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मशालीच्या उजेडात हा चेहरा चमकावा म्हणून ते अभ्रक कुटलं असेल. मला रडू येईल असं वाटलं.

मागे वळून पाहिलं तर गजाननभाऊ दारात उभे होते. त्यांनी मुखवट्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या लाल झालेल्या बोळ्याकडे पाहिलं आणि वळून निघून गेले.

बुधवार, कडुनिंबाखाली

सकाळी चहा आला, नाश्त्याला पोहे आले, पण दिनकरभाऊ नजर चुकवत होते. "सही संध्याकाळी पाहू," एवढंच म्हणाले आणि रानात गेले.

मी सुमनवहिनींजवळ चुलीपाशी जाऊन बसले. म्हटलं, "गजाननभाऊ फार रागावलेत का?"

वहिनी भाकरी थापत होत्या. "रागावले नाही त्ये," त्या म्हणाल्या. "त्यायले लागलं. राग असता तं काल सांच्याले येऊन बोलले असते."

मग त्यांनी माझ्या ताटात नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त टाकली. वाद बाहेरचा आणि जेवण घरातलं, असा त्यांचा हिशेब असावा.

तो दिवस सरता सरेना. मी रानातून चालत राहिले. पांढऱ्या गोंड्यांमधून जाताना अंगावर बारीक पिवळी पूड पडत होती, आणि माश्या माझ्याकडे ढुंकून बघत नव्हत्या. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हा अर्ज जाऊ दे. मग लगेच वाटलं, तसं म्हणणंही पळून जाण्यासारखंच आहे.

संध्याकाळी देवळापुढच्या कडुनिंबाखाली मंडळाची दहा-बारा माणसं जमली. नृसिंह मध्ये एका चौरंगावर ठेवला होता, कान माझ्याकडे करून. कुणी आवाज चढवला नाही. गजाननभाऊ उठले, त्या नखाएवढ्या खिडकीजवळ काडी धरली आणि शाळेत गुरुजी नकाशा दाखवतात तसे बोलायला लागले.

"हा सगळ्यात वरचा लाल, थो माहा. मागच्या सालचा. खालचा शेंदरी बी माहाच. ही हिरवी रेघ दिसते? त्या साली लाल भेटला नव्हता. शाळेचे दारं रंगवून उरला होता हिरवा, थोच लावला माह्या बापानं. नृसिंह हिरवा कसा बे, म्हणून लोकं हसले त्याले. बाप दोन दिवस घराभाईर निघाला नाही."

एक म्हातारे गृहस्थ हसले. "मी बी हसलो होतो," ते म्हणाले.

"हे तपकिरी बापाच्या आधीचं, आज्याचं. त्याच्या खाली कोन, थे मले मालूम नाही." काडी खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा अर्ज दिनकरभाऊच्या भाचीनं काल फोनवर वाचून दाखवला. तुमाले सगळ्यात खालचा पायजे. थो जुना, थो किमती. मानलं. पण मंग मधातले लोक काऊन पुसाचे?"

माझ्याकडे उत्तर होतं. पंधरा वर्षं मी ते वर्गात शिकवत होते. मूळ काय, नंतरचं काय, कशाला किती किंमत द्यायची. पण त्या चौरंगापुढे मी ते बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी हात लावण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तं मी नाही म्हटलं नसतं," ते म्हणाले. "मले बी पाहाचंच होतं, खाली काय हाये थे."

एवढं बोलून ते खाली वाकले आणि त्या खिडकीत कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांच्यानंतर एकेक जण येऊन बघून गेला. सुमनवहिनींनी सगळ्यात शेवटी पाहिलं आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाल्या, "चमकते हो."

गुरुवार

सकाळी मी अर्जाची पानं सगळ्यांसमोर ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न मी पुण्यातून निघण्याआधी तीन महिने विचारायला हवा होता.

मुखवटा गावाबाहेर जाणार नाही, हे पहिलं ठरलं. दरवर्षीचा रंग चालू राहील, हे दुसरं. शेवटी दिनकरभाऊ म्हणाले, "रंगवता येते, बनवता कोनालेच येत नाही. बनवणारं घर कवाचंच संपलं. उद्या एखादं सोंग फुटलं तं आमी काय करावं?"

"मला येतं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लगद्याचं काम मी विद्यार्थिदशेत एका कार्यशाळेत शिकले होते. पुण्यात ते कुणाला नको होतं, म्हणून मलाही त्याचा विसर पडला होता. रात्रभर भिजत ठेवायला वेळ नव्हता, म्हणून वहिनींनी गरम पाणी केलं. जुन्या लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्रं त्यात कुस्करली. चिंचोके भाजून, कुटून त्यांची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घातली. गजाननभाऊ बाह्या सरसावून बसले होते. त्यांच्या हाताला लगदा लगेच कळला. माझ्यापेक्षा त्यांचं नाक सरळ आलं. दुपारपर्यंत एक लहानसा राक्षस तयार झाला. आम्ही तो उन्हात ठेवून जेवायला गेलो, आणि परत आलो तेव्हा शेजारची शेळी त्याचा कान आणि अर्धा गाल खाऊन शांतपणे रवंथ करत होती.

"मेथी आवडली तिले," गजाननभाऊ म्हणाले. तीन दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी मी ओट्यावर बसून अर्ज पुन्हा लिहिला. प्रत्येक ओळ वाचून दाखवायची, कुणीतरी दुरुस्त करायचं, मग पुढे जायचं. मुखवटे बनवायला शिकणं, शिकवणं. थर न काढता, कुठला कुणाचा हे गावातल्या आठवणींवरून नोंदवणं. सहसंशोधक म्हणून गजाननभाऊंचं नाव, आणि खाली मंडळाची सही. विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, पण समितीने जे वाचून तुला बोलावलं ते हे नाही. यात संशोधन कुठे राहिलं?" मी म्हटलं, "उद्या सांगते."

शुक्रवार, कांद्याच्या बांधावर

पहाटेच्या गार हवेत गजाननभाऊंनी लाल डबा उघडला. नृसिंहाला यंदाचा हात द्यायचा होता. त्यांनी आयाळीपासून सुरुवात केली, कपाळ झालं, गाल झाले. डाव्या कानापाशी आल्यावर थांबले आणि ब्रश माझ्यापुढे धरला.

"तुमी उघडलं, तुमीच झाका."

फोटो मी काढले होते, मोजमापं घेतली होती. तरी माझ्या सगळ्या शिक्षणाने सांगितलं होतं, असं कधी करायचं नसतं. मी शेवटचं एकदा त्या खिडकीत पाहिलं. अभ्रकाचा एक कण चमकला. मग मी ब्रश टेकवला. ट्रॉलीचा तो झगझगीत लाल रंग हिंगुळावर, हिरव्यावर, आजोबांच्या तपकिरीवर पसरला आणि कानामागचा भाग पुन्हा एकसारखा झाला. गजाननभाऊंनी माझ्या हातून ब्रश घेतला आणि माझा वेडावाकडा फटका नीट केला.

दुपारी मुलाखत. गावात व्हिडिओ चालेल एवढी रेंज येते ती एकाच ठिकाणी, दिनकरभाऊंच्या रानाच्या उंच बांधावर. समितीला मुखवटा बघायचा होता, म्हणून रंग ओला असतानाच तो निघाला. गजाननभाऊ मोटारसायकलवर मागे बसून त्याला दोन्ही हातांनी हवेत धरून होते. तुषार सिंचनाच्या नळीला फोन बांधला. समोर फोनमध्ये तीन चेहरे, मागे क्षितिजापर्यंत पांढरे गोंडे. ऊन इतकं होतं की ते पांढरं जमिनीपासून सुटून वर तरंगतंय असं वाटत होतं.

"हा आवाज कसला येतोय?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"माश्यायचा," दिनकरभाऊ म्हणाले. "थो बंद नाही होत."

अर्ज का बदलला, हे मी सांगितलं. कानामागचं सुद्धा सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग समितीतले ज्येष्ठ सदस्य, ज्यांची पुस्तकं वाचून मी हे काम शिकले, त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "खाली इतका दुर्मीळ रंग आहे आणि तुम्ही त्यावर दरवर्षी ऑइल पेंट देता. मूळ रंग झाकला जातो. ही हानी नाही का?"

मी तोंड उघडलं, पण गजाननभाऊ आधी बोलले. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते ताठ उभे होते.

"साहेब, झाकला म्हून तं राह्यला. उघडा असता तं कवाचाच उडून गेला असता. आज्यानं झाकला, बापानं झाकला, मी झाकला. कोनाले मालूम नव्हतं खाली काय हाये. तरी राखला."

मग त्या ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाले, "नाव काय म्हणालात तुमचं? पूर्ण सांगा, मला लिहून घ्यायचंय."

फोन बंद झाल्यावर आम्ही तिथेच बांधावर बसलो. पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्या घडीला कुणाला घाईही नव्हती. वहिनींनी डब्यात रोडगे आणि वरण दिलं होतं. वाऱ्याची एक मोठी लाट आली, सगळे गोंडे वाकले आणि त्यांतून सुटलेल्या बारीक पांढऱ्या पाकळ्या येऊन नृसिंहाच्या ओल्या गालावर चिकटल्या. माझा हात सवयीने पिशवीतल्या चिमट्याकडे गेला.

"राहू द्या," गजाननभाऊ म्हणाले. "यंदाचं साल हाये थे."

मी चिमटा परत ठेवला.

मंजुरीचं पत्र महिन्याभराने आलं. सहसंशोधकाच्या शैक्षणिक पात्रतेचा रकाना रिकामा असल्याबद्दल विद्यापीठाच्या कार्यालयाने तीनदा विचारलं, मी तीनदा उत्तर दिलं आणि चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पत्राबरोबर मुखवट्याच्या सद्यस्थितीचा एक छापील तक्ता भरायचा होता. असे तक्ते मी शेकड्यांनी भरलेत. या वेळी मी गजाननभाऊंना फोन लावला आणि ते सांगत गेले तसं लिहीत गेले. थर नऊ, त्यांतले पाच ओळखीचे. सगळ्यात वरचा: लाल ऑइल पेंट, गजानन पेंटर यांचा, डाव्या कानामागे पाहुणीचा हात. गालावर कांद्याची फुलं. "दोष" या रकान्यापुढे काय लिहायचं, असं मी विचारलं.

ते म्हणाले, "काहीच नाही, लिहा."

मी तसंच लिहिलं.